पाव, वजन आणि कुंभाराचं गाढव

आजचा विषय एका अगदी साध्या प्रश्नातून आला आहे. वजन कमी करायचं असेल तर पाव चालतो का? सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, भिशीत, हा प्रश्न कुठेही निघतो आणि त्याचं उत्तरही तिथल्या तिथे मिळतं. "पाव? छे, नाव काढू नका!" उत्तर देणाऱ्याला आपल्या उत्तराची खात्री असते. तिथेच कुणीतरी म्हणतं, "आमचे आजोबा रोज चहाबरोबर पाव खायचे, शेवटपर्यंत सडपातळ होते." त्यांनाही खात्री असते.

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, असं तुम्ही विचाराल. काम आहे. 'पावानं माणूस लठ्ठ होतो' हे विधान कार्यकारणभावाचं आहे. लठ्ठपणा हे कार्य, पाव हे कारण. आणि अमुक गोष्ट अमुक गोष्टीचं कारण आहे असं कधी म्हणता येतं, याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी फार बारकाईनं केला आहे. त्यांचा एक दृष्टांत आज मला वापरायचा आहे, तो आधी सांगून ठेवतो.

कुंभार घट तयार करतो. घटाची कारणं कोणती? माती, चाक, काठी, कुंभार स्वतः. पण ती माती एका गाढवाच्या पाठीवरून आलेली असते. घट तयार होण्याआधी गाढव हजर होतं. मग गाढव हे घटाचं कारण आहे का? नैयायिक म्हणतात, नाही. माती बैलगाडीतून आली असती तरी घट झालाच असता. अशा गोष्टीला त्यांनी नाव दिलं 'अन्यथासिद्ध'. म्हणजे कार्याच्या आधी जागेवर दिसते खरी, पण तिच्यावाचून काही अडत नाही. तर आजचा प्रश्न असा मांडू या: लठ्ठपणाच्या गोष्टीत पाव हा माती आहे, की गाढव?

आता इतिहासाकडे येतो. पावाला लठ्ठपणाच्या आरोपावरून पिंजऱ्यात उभं करणारा सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे लंडनचा विल्यम बँटिंग. जन्म १७९६चा. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. साधासुधा नव्हे हं, राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था या घराण्याकडे असे. वेलिंग्टनच्या ड्यूकची १८५२ सालची प्रचंड अंत्ययात्रा याच पेढीनं सांभाळली. म्हणजे माणूस सुखवस्तू, प्रतिष्ठित. उंची ५ फूट ५ इंच आणि ऑगस्ट १८६२मध्ये वजन २०२ पौंड, आपल्या हिशोबात जवळजवळ ९२ किलो. वय पासष्ट उलटलेलं. बुटाची नाडी बांधता येत नाही. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून हा गृहस्थ पाठमोरा होऊन एकेक पायरी उतरायचा.

त्यानं उपाय काय कमी केले होते? पहाटे उठून दोन-दोन तास नाव वल्हवली. त्यानं भूक वाढली आणि भुकेबरोबर वजनही वाढलं. घोड्यावर बसला, समुद्रस्नानं केली, वाफेची स्नानं डझनांनी घेतली. फरक नाही. शेवटी ऐकू कमी येऊ लागलं म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वे पॅरिसला जाऊन क्लोद बर्नार यांची व्याख्यानं ऐकून आला होता. यकृत स्वतः साखर तयार करतं हे दाखवणारे हे थोर शरीरशास्त्रज्ञ. त्या काळी मधुमेह्यांना साखर आणि पिष्ट पदार्थ वर्ज्य करत असत. जनावरं पुष्ट करायची तर पिष्टमय खाद्य घालतात, हेही सर्वांना ठाऊक होतं. हार्वेनं या दोन गोष्टी जोडल्या आणि बँटिंगला पथ्य सांगितलं: ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद.

वजन उतरू लागलं. सप्टेंबर १८६३पर्यंत, म्हणजे वर्षभरात, ४६ पौंड गेले. सुमारे २१ किलो. म्हातारा इतका आनंदला की त्यानं 'लेटर ऑन कॉर्पुलन्स' नावाची पुस्तिका स्वखर्चानं छापून फुकट वाटली. पुढे तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. डॉक्टर मंडळी चिडली, नियतकालिकांतून टीका झाली, पण लोकांनी बँटिंगला उचलून धरलं. त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत आजही वजन कमी करण्यासाठी आहार कमी करणं याला 'बांता' म्हणतात. त्याचा मूळ पुरुष हा लंडनचा अंत्यविधीवाला.

ही कल्पना बँटिंगच्या आधीचीही आहे, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये ब्रिया-साव्हारँ या न्यायाधीशानं १८२५मध्ये चवीच्या शास्त्रावर एक मिस्कील ग्रंथ लिहिला, त्यात पीठ आणि पिष्ट यांनाच लठ्ठपणाचं मोठं कारण ठरवलं आहे. म्हणजे 'कार्ब्ज बंद करा' हा सल्ला नवा नाही. त्याला दोनशे वर्षं झाली.

पण आता बँटिंगची हकीकत नैयायिकासारखी तपासू या. आपल्याकडे कारण ओळखायची कसोटी आहे अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं, हा अन्वय. ते नसताना हे नसतं, हा व्यतिरेक. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात अशीच पद्धत सांगितली: दोन प्रसंग घ्या, बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, मग फरक पडला तर तो त्या गोष्टीमुळे. ज्या १८६३ साली बँटिंगची पुस्तिका आली, त्याच साली मिलचं 'युटिलिटेरिअनिझम' पुस्तकरूपानं आलं. मिलनं ही पुस्तिका तपासली असती तर पहिला प्रश्न विचारला असता: बाबा रे, तू एकच गोष्ट बदललीस का?

नाही ना! आधीचा आहार त्यानं स्वतःच लिहून ठेवला आहे. सकाळी दूध-पाव, किंवा भरपूर दूध-साखरेचा चहा आणि लोणी लावलेला टोस्ट. जेवणात मांस, बिअर, पुष्कळ ब्रेड आणि गोड पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखंच. रात्री फळांचा गोड टार्ट किंवा दूध-पाव. नव्या आहारात साखर गेली, लोणी गेलं, दूध गेलं, बिअर गेली, पेस्ट्री गेली, बटाटा गेला. सहा-सात आरोपींना एकदम तुरुंगात टाकलं आणि गावातल्या चोऱ्या थांबल्या. चोर कोण होता हे यावरून कसं कळणार?

आणि गंमत पुढेच आहे. नवा आहारही त्यानं दिला आहे. त्यात सकाळी एक औंस कोरडा टोस्ट आहे. दुपारच्या जेवणात पुन्हा एक औंस. संध्याकाळच्या चहाबरोबर एक-दोन रस्क, म्हणजे आपण बेकरीतून आणतो ते कडक टोस्ट. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, साधारण एक स्लाइस. म्हणजे 'ब्रेड सोडून बारीक झालेला' म्हणून ज्याचं नाव जगभर झालं, तो माणूस दिवसाला दोन स्लाइस ब्रेड आणि वर रस्क खात होता! शिवाय दोन्ही जेवणांत मिळून तीन ते पाच ग्लास वाइन. व्यतिरेकाची कसोटी इथे लागतच नाही, कारण पाव पूर्णपणे गेलाच नव्हता. गेलं होतं ते पावावरचं लोणी, पावाबरोबरचं दूध-साखर, आणि 'पुष्कळ' हे विशेषण.

इथे जरा थांबून आणखी एक गोष्ट पाहायला हवी. बँटिंगनं पावाच्या जागी काय घेतलं? गोमांस, बकऱ्याचं मांस, मासे, कोंबडी. त्याला ते परवडत होतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येणं थांबलं आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. आपली मुंबई त्या कापसाच्या भावानं मालामाल होत होती आणि तिकडे गिरणी कामगार मदतीवर जगत होते. डॉक्टर एडवर्ड स्मिथ यांनी सरकारसाठी त्या वर्षांत गरीब कष्टकऱ्यांच्या आहाराची पाहणी केली. कष्टकऱ्याच्या ताटात मुख्य अन्न कोणतं? पाव. मांस असलंच तर घासापुरतं, आणि तेही बहुधा कमावत्या पुरुषाला. म्हणजे एकाच देशात, एकाच वेळी, पाव हे एकाचं अपथ्य होतं आणि दुसऱ्याचा प्राण. पाव सोडायचा तर त्याच्या जागी ठेवायला आधी काहीतरी हवं. पथ्याच्या चर्चेत हा मुद्दा आजही सोयीस्करपणे विसरला जातो.

आणि आपल्याकडे त्या काळात पावाचं काय चाललं होतं? 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात पदेराची भट्टी त्यांच्या काळात आली, आणि पावाला धर्म चिकटला. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा आख्यायिका कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा म्हणून. सभा गुप्त होती, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. एक तुकडा पाव खाणं म्हणजे जात सोडायची तयारी दाखवणं. १८६०च्या सुमारास सभेची गुप्तता फुटली आणि ती मोडली. बघा, मुंबईत एक तुकडा पाव खायला धाडस लागत होतं, आणि दोन-चार वर्षांतच लंडनमध्ये पाव न खाण्याची टूम निघाली. पदार्थ तोच. आपण त्याच्यावर लादलेला अर्थ वेगळा. पूर्वी पावानं माणूस बाटायचा, आता पावानं माणूस फुगतो. दोन्हींत एक धागा मला समान दिसतो: एक घास खाल्ला की आपण अपराधी.

बँटिंगनंतर प्रश्नाचं रूप बदललं ते अमेरिकेत. विल्बर ॲटवॉटर यांनी १८९०च्या दशकात कनेक्टिकटमध्ये एक बंदिस्त खोलीएवढं यंत्र उभारलं. माणसाला त्यात काही दिवस ठेवायचं आणि त्यानं खाल्लेल्या अन्नाची आणि शरीरातून निघालेल्या उष्णतेची मोजदाद करायची. त्यातून अन्नाचा हिशोब कॅलरींत मांडायची रीत रूढ झाली. ढोबळ मानानं एक ग्रॅम पिष्ट ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिन ४, आणि एक ग्रॅम स्निग्ध ९. हा ९चा आकडा लक्षात ठेवा.

१९१८ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी हा हिशोब सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात नेला. त्यांच्या पुस्तकाचा सांगावा असा, की 'एक स्लाइस ब्रेड' म्हणू नका, 'शंभर कॅलरी ब्रेड' म्हणा. म्हणजे ब्रेड निर्दोष सुटला, पण जामिनावर. मर्यादेत राहिलास तर ठीक. पहिल्या महायुद्धाचा काळ होता, गहू युरोपला पाठवायचा म्हणून अमेरिकेत आठवड्यातले काही दिवस गव्हाविना पाळायचं आवाहन होतं. त्यामुळे कमी खाणं हे देशकार्यही झालं. बँटिंगचा प्रश्न 'कोणतं' हा होता. पीटर्सबाईंचा प्रश्न 'किती' हा झाला.

नंतर लंबक पुन्हा फिरला. १९७२मध्ये डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांचं पुस्तक आलं. मांस, अंडी, लोणी हवं तितकं, पण ब्रेड नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही लाट इतकी उसळली की २००४मध्ये अमेरिकेतल्या एका अवाढव्य ब्रेड कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्या अडचणींत या आहाराचंही नाव घेतलं गेलं. आणि पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, ॲटकिन्स यांच्या नावानं पदार्थ विकणारी कंपनीही दिवाळखोरीत गेली. ब्रेड विकणाराही बुडाला, ब्रेड सोडा म्हणणाराही बुडाला.

पण या काळात एक चांगली गोष्ट झाली. मिलला हवे होते तसे प्रयोग होऊ लागले. २००३ साली ६३ लठ्ठ स्त्री-पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ॲटकिन्स पद्धतीच्या गटाचं वजन स्पष्टपणे जास्त उतरलं होतं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतला फरक दखल घेण्याजोगा उरला नाही. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसं घेतली. निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी पिष्ट. वर्षभरात पहिल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलो. फरक नगण्य. दोन्ही गटांना सूचना होती की भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, घरी शिजवा. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एकाच गटात कुणी पुष्कळ उतरले, तर कुणाचं वजन वाढलंसुद्धा. सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे.

आणि आता माझा सर्वांत आवडता प्रयोग. १९७९. अमेरिकेतले ओलाफ मिकेलसन आणि सहकारी. थोडं जास्त वजन असलेले सोळा कॉलेजकुमार घेतले आणि त्यांना सांगितलं, रोज बारा स्लाइस ब्रेड खायचा. बारा! काही जास्त कॅलरींचे पदार्थ टाळायचे, बाकी हवं ते खा. आठ आठवड्यांत काय झालं? भरपूर तंतू घातलेला, कमी कॅलरीचा ब्रेड खाणाऱ्यांचं वजन सरासरी ८.७७ किलो उतरलं. साधा पांढरा ब्रेड खाणाऱ्यांचंही ६.२६ किलो उतरलं. सोळाच माणसं, तीही तरुण पोरं, आठच आठवडे. यावरून रोज बारा स्लाइस खा असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. पण 'पाव असला की वजन उतरत नाही' या विधानाला हा प्रयोग सरळ छेद देतो. इतका ब्रेड पोटात गेल्यावर इतर खाण्याला जागाच कमी उरली.

म्हणजे पाव अगदी निर्दोष का? तसंही नाही. १९९५मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा २४० कॅलरींएवढा वाटा खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं हे विचारत राहायचं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. त्या मानानं अख्ख्या गव्हाचा ब्रेड १५७, लोणीदार क्रोसाँ ४७, आणि सगळ्यात वर उकडलेला बटाटा, ३२३! बँटिंगनं हद्दपार केलेला तो बटाटा. तेव्हा पांढऱ्या ब्रेडचा खरा दोष हा आहे: तितक्याच कॅलरींत तो पोट कमी भरतो, मऊ असल्यानं भराभर खाल्ला जातो, आणि मग हात पुन्हा ताटाकडे जातो. २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना कारखानी, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि साधं शिजवलेलं अन्न दोन-दोन आठवडे दिलं. समोर ठेवलेल्या जेवणाच्या कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखे ठेवले होते. तरी कारखानी अन्नाच्या वेळी माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. 'कोणतं' आणि 'किती' यांच्या जोडीला आता 'कसं बनवलेलं' हा तिसरा प्रश्न आला.

हे सगळं आपल्या ताटाला लावून पाहू. एका लादीपावात साधारण शंभर ते सव्वाशे कॅलरी. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीतही शंभराच्या आसपास, वर चमचाभर तेल लावलं की आणखी चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे 'पाव सोडला' म्हणून दोन पोळ्या जास्त खाणाऱ्यानं काही मिळवलेलं नसतं. पण आपल्याकडे पाव एकटा येतो कुठे? तो वड्याबरोबर येतो, मिसळीच्या तर्रीबरोबर येतो, पावभाजीच्या तव्यावर लोण्यात लोळून येतो. तो ९चा आकडा आठवा. पावाच्या पाठीवर तेल-लोण्याची गोणी लादलेली असते, आणि वाहणाऱ्याला आपण आरोपी करतो. अर्थात दृष्टांत इथे तंतोतंत बसत नाही, हेही सांगतो. गाढवाच्या अंगात माती नसते. पावात स्वतःच्या कॅलरी असतात. म्हणून मी म्हणेन, पाव हा थोडा माती आहे आणि बराचसा गाढव.

तर चालतो का? चालतो. किती खाल्ला याचा हिशोब ठेवला तर, आणि त्याच्यावर-त्याच्याबरोबर काय आहे ते पाहिलं तर. सोबत उसळ, अंडं, काकडी-टोमॅटो असेल तर दोन स्लाइसवर पोट भरतं. 'ब्राऊन' रंगाला भुलू नका. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलं नाव मैद्याचं असेल तर रंग काहीही असो, तो मैद्याचाच ब्रेड. कुणाला पाव समोर आला की थांबताच येत नसेल, तर त्यानं तो घरात न आणणं शहाणपणाचं. बँटिंगचं पथ्य त्याच्यापुरतं खरंच होतं. मधुमेह असेल, गव्हातलं ग्लुटेन सोसत नसेल, तर प्रश्न वेगळा, आणि तो डॉक्टरांना विचारायचा.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्या घरांत कितीतरी बायका पोरांना डबा देऊन, सासू-सासऱ्यांचं करून, दुपारी तीन वाजता उरलेला पाव चहात बुडवून खातात आणि खाताना खाली मान घालतात. रस्त्यावर एका वडापाववर दुपार काढणाऱ्या माणसाला आपण 'कार्ब्ज टाळा' असं सांगतो. त्याच्या हातात दुसरं काय आहे हे न विचारता. कारण नीट तपासलं नाही, तर तर्क चुकतोच, शिवाय निरपराध माणसाच्या माथी दोष जातो. परमहंस सभेतल्या त्या तरुणांनी पावाभोवतीचं एक पाप पुसायला धाडस दाखवलं होतं. त्याच पावाभोवती आपण नवं पाप उभं करू नये, एवढंच मला सांगायचं होतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.